परसातील कांदा आणि घरचे बी
(वाशीम परिसरातील एका दुर्लक्षित वारशाचा इतिहास)

आपल्या समाजाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे लेखणी स्वाभाविकपणेच प्रथम संतांकडे, मग समाजसुधारकांकडे आणि शेवटी संस्थांकडे वळते. श्रीसंत सावता महाराज, महात्मा जोतीराव फुले, सत्यशोधक समाज, माळीनगरचा साखर कारखाना ही नावे प्रत्येक स्मरणिकेत येतात व ती यावयासच हवीत. तथापि ज्या कामामुळे आपणांस माळी हे नाव पडले, त्या कामाचा म्हणजे वाफ्याचा, रोपाचा आणि बियाण्याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही. राजांचे ताम्रपट निघतात, देवळांचे शिलालेख वाचले जातात. परंतु गाडग्यात राखेत घालून ठेवलेल्या बियांचा शिलालेख कोणी कोरून ठेवलेला नाही. तो वारसा हातातून हातात गेला आणि हात थांबले तेथे तोही थांबला.

प्रस्तुत लेखात परसातील कांदा व त्याचे घरी धरलेले बी एवढाच विषय घेतला आहे. विषय लहान वाटेल. पण भाजीपाल्याच्या सर्व बियाण्यांत कांद्याचे बी मोठे विलक्षण आहे. ते फार दिवस साठवता येत नाही, ते मिळावयास दोन वर्षे लागतात, आणि मुख्य गोष्ट म्हणजे एका घराने एकट्याने म्हटले तर ते शुद्ध राखता येत नाही. त्याला शेजार लागतो. म्हणूनच या बियाण्याचा इतिहास हा एकेका घराचा इतिहास न राहता वस्तीचा व समाजाचा इतिहास होतो.

पोथीतला कांदा आणि ताटातला कांदा

कांद्याचे मूळ स्थान मध्य आशियात असावे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तेथून तो पूर्वेस व पश्चिमेस पसरला. इजिप्तमधील मोठ्या पिरॅमिडवर मजुरांना पुरविलेल्या मुळ्या, कांदे व लसूण यांच्या खर्चाचा लेख होता, असे हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. त्या लेखाचे खरेखोटे काही असो. कष्टकऱ्याच्या शिदोरीत कांदा असावयाचा, ही समजूत किती जुनी आहे हे त्यावरून कळते.

आपल्याकडे कांद्याला संस्कृतात ‘पलाण्डु’ म्हणतात. चरकसंहितेत त्याच्या गुणांची नोंद आहे. उलट मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण व कांदा हे द्विजांना वर्ज्य सांगितले आहेत. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी प्रवासी फाहियान मध्यदेशातील लोक कांदालसूण खात नाहीत असे लिहितो आणि सातव्या शतकातील ह्युएनत्संगही साधारण तसेच सांगतो. परंतु या प्रवाशांचा सहवास मठांशी व प्रतिष्ठित वर्गाशी अधिक होता. ज्या पदार्थाला वैद्यकाच्या ग्रंथात गुण सांगावे लागतात आणि धर्मशास्त्राच्या ग्रंथात निषेध करावा लागतो, तो पदार्थ लोक खात होते, हे उघड आहे. कोणी न खाणाऱ्या वस्तूवर बंदी घालण्याची गरजच काय?

महाराष्ट्रात या प्रश्नाचा निकाल आपल्याच एका पूर्वजाने लावला. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील सावता महाराजांनी (इ. स. १२५० ते १२९५) मळ्यातील भाजीपाल्यातच आपला विठ्ठल पाहिला आणि त्या भाजीपाल्यात कांदाही होता. शास्त्राने पंक्तीतून उठविलेल्या कांद्याला त्यांनी थेट देवाच्या ठायी नेऊन बसविले. मळा सोडून पंढरीस जाण्याची आवश्यकता त्यांना वाटली नाही, कारण त्यांच्या मते मळ्यातील काम हीच वारी होती.

लोकाचाराने पुढे मोठा व्यवहारी मध्यममार्ग काढला. चातुर्मासात कांदा वर्ज्य. पण तो सुरू होण्याच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीस, ‘कांदेनवमी’ करून घराघरात कांद्याची भजी, थालीपिठे व झुणके करावयाचे. पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत व रोडगा, त्याबरोबर कांद्याचा नैवेद्य, आणि मग कांदा पुन्हा ताटात. या आचारामागे शेतीचा हिशेबही सहज दिसतो. चैत्र-वैशाखात काढलेला उन्हाळी कांदा पावसाळ्यातील दमट हवेत सडू लागतो व त्याला कोंब फुटतात. जो टिकणार नाही तो आषाढात खाऊन संपवावा, आणि जो टिकेल त्याला चार महिने हात लावू नये, हे त्यातले व्यवहारसूत्र. बियाण्यासाठी निवडून ठेवलेल्या कांद्यांना या चार महिन्यांच्या व्रताने आपोआपच संरक्षण मिळत असे.

वत्सगुल्मापासून वाशीमपर्यंत

आपले वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथेच १९३९ साली सापडला. त्याचा काही भाग संस्कृतात, काही प्राकृतात आहे. वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावांना ज्या सवलती देत, त्यांत राजपुरुषांना फुले व दूध पुरविण्यापासून माफी असे एक कलम येते. आपल्या समाजाच्या दृष्टीने हे कलम फार बोलके आहे. दीड हजार वर्षांपूर्वीही या मुलखात गावाच्या फुलांवर राज्याचा हक्क सांगितला जात होता. म्हणजे फुले पिकविणारे हात होते, बागेला पाणी देणारे कोणी होते. त्यांची नावे मात्र ताम्रपटावर नाहीत.

पुढील काळातील वऱ्हाडच्या माळ्यांची माहिती रसेल व हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात वाचावयास मिळते. फुलमाळी, हळदे माळी, जिरे माळी अशी पोटशाखांची नावे त्यांत दिली आहेत. फूल, हळद, जिरे! पिकावरून माणसाची ओळख ठरावी एवढे ते पीक त्या माणसाच्या हाती असावे लागते. आणि पीक हाती असणे याचा अर्थ बी हाती असणे, असाच त्या काळी होता. बियाण्याचे दुकान ही कल्पनाच तेव्हा गावात नव्हती.

आपला भाग काळ्या कसदार जमिनीचा, पण ओलिताचा भाग थोडा. पैनगंगा, काटेपूर्णा, अडाण, अरुणावती या नद्यांची नावे मोठी असली तरी जुन्या काळी बागाईत होते ते विहिरीच्या मोटेवर. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली व काळी जमीन कापसाखाली गेली. अशा वेळी विहिरीच्या अवतीभोवतीची भाजीची वाडी आणि घरामागचे परस एवढाच टापू कापसाच्या लाटेबाहेर उरला. तेथे वांगी, मिरची, कोथिंबीर, मेथी आणि कांदा होत असे. मोटेचे पाणी दांडातून वाफ्यात येई. पुरुष मोटेवर आणि बाई वाफ्यावर अशी कामाची वाटणी असे. दारे मोडणे, रोप लावणे, खुरपणे, कांदे निवडणे आणि बी धरणे ही कामे बहुतांशी स्त्रियांची होती. बियाण्याचा इतिहास लिहिला गेला नाही याचे हेही एक कारण आहे.

१८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ या भागात अत्यंत कठीण गेला. तेव्हा वाशीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १८९१ व १९०१ च्या शिरगणत्यांच्या दरम्यान त्याची लोकसंख्या घटली. १९०५ साली तो जिल्हा मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यास जोडण्यात आला व १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. दुष्काळात माणसे व गुरे गेली, याच्या नोंदी आहेत. बियाण्याच्या नोंदी नाहीत. पण विचार करावा. ज्वारीचे बी पेवात दोनतीन वर्षे तग धरू शकते. कांद्याचे बी साध्या घरगुती साठवणीत वर्षभरच चांगले राहते; दुसऱ्या वर्षी त्याची उगवण झपाट्याने घसरते. म्हणजे ज्या घरची विहीर सलग दोन हिवाळे आटली, त्या घरच्या कांद्याचा वंश तेथेच संपला. तो पुन्हा सुरू झाला असेल तर तो एकाच उपायाने, म्हणजे ज्याच्या विहिरीला पाणी टिकले त्या शेजाऱ्याने ओंजळभर बी दिले तेव्हा.

दोन वर्षांचा कांदा

हा उपाय असा अटळ का, हे समजण्यास कांद्याचे जीवनचक्र पाहिले पाहिजे. कांदा हे द्विवर्षायू पीक आहे. पहिल्या वर्षी तो बियापासून कंद करतो व दुसऱ्या वर्षी त्या कंदापासून फूल व बी येते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास रोपवाटिकेत बी टाकावे. सहा ते आठ आठवड्यांनी रोपांची लावण होते. चैत्र-वैशाखात पात पिवळी पडून माना मोडतात व कांदा काढणीस येतो. त्यांतून बियाण्याचे कांदे निवडून पावसाळाभर जपावयाचे. दिवाळीनंतर ते पुन्हा जमिनीत लावावयाचे. पौष-माघाची थंडी लागली की त्यांतून पोकळ दांडे वर येतात. त्यांना आपण डेंगळे किंवा डोंगळे म्हणतो. दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा फुलतो. फाल्गुन-चैत्रात गोंडा वाळतो, बोंडे उकलतात व आतून काळे, तिकोनी बी दिसू लागते. ते झोडपून, पाखडून, वाळवून पुन्हा पावसाळाभर ठेवावयाचे, आणि आश्विनात टाकावयाचे. नाशिककडे या बियाण्याला ‘उळे’ म्हणतात. कलौंजीलाही काही लोक ‘कांद्याचे बी’ म्हणतात, परंतु ते निराळ्याच झाडाचे मसाल्याचे बी आहे, हे लक्षात ठेवावे.

याप्रमाणे एका बियापासून दुसरे बी हाती येईपर्यंत सुमारे दीड वर्ष जाते आणि ते पेरण्याचा हंगाम यावयास दोन वर्षे होतात. ज्या घरी दरवर्षी घरचे बी हवे, त्या घराच्या परसात हिवाळ्यात दोन पिढ्या एकाच वेळी नांदल्या पाहिजेत. एका वाफ्यात खाण्याच्या कांद्याची कोवळी रोपे आणि दुसऱ्यात मागील वर्षीच्या कांद्यांचे डेंगळे. एक वर्ष आळस केला की पुढच्या वर्षी त्याची शिक्षा मिळते.

एका घराचे नव्हे असे बी

कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे त्याच फुलाचे पराग त्याच फुलाला सहसा उपयोगी पडत नाहीत. एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर न्यावे लागतात आणि ते काम मधमाश्या करतात. या एका गोष्टीतून तीन परिणाम निघतात.

पहिला परिणाम असा की, लाल व पांढऱ्या कांद्याचे डेंगळे जवळजवळ फुलले तर बी मिसळते. आपल्या विदर्भात पांढऱ्या कांद्याची आवड जुनी आहे. परंतु शेजारच्या परसात लाल कांदा फुलला असेल तर घरच्या पांढऱ्या कांद्यात पुढील पिढीत तांबूस कांदे निघू लागतात. बी प्रमाणित करण्याच्या नियमांत म्हणूनच दोन वाणांत अंतर ठेवण्याची अट आहे. प्रमाणित बियाण्यासाठी ते ५०० मीटर व पायाभूत बियाण्यासाठी १,००० मीटर आहे. ५०० मीटर म्हणजे लहान गावाचा एक टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तारच झाला. तेव्हा एका वस्तीत कोणत्या कांद्याचे डेंगळे ठेवावयाचे, हे सर्वांनी मिळून ठरविल्यावाचून शुद्ध बी मिळणे शक्य नाही.

दुसरा परिणाम असा की, दोनचार कांद्यांवर वाण टिकत नाही. थोड्याच झाडांचे आपापसांत परागीभवन पिढ्यान्पिढ्या होत राहिले तर कांदा खुजा व दुबळा होत जातो. निदान पन्नास-साठ कांद्यांचे बी एकत्र करावे लागते. परसात एवढे डेंगळे ठेवणे प्रत्येकास जमत नाही. पाच घरांनी दहा-बारा कांदे ठेवले व बी एकत्र करून वाटून घेतले, तर मात्र ते सहज जमते.

तिसरा परिणाम मधमाश्यांचा. फुलोऱ्याच्या दिवसांत विषारी औषधांची फवारणी झाली तर माश्या येत नाहीत आणि बोंडे पोचट राहतात. आपण फवारणी केली नाही, पण बांधावरच्याने केली, तरी नुकसान आपलेच.

या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. बी देण्याघेण्याची जी रीत आपल्या आज्या-पणज्यांनी पाळली, सुनेच्या माहेराहून आलेले बी वाफ्यात घातले, शेजारणीला मूठभर बी दिले व पुढील वर्षी तिच्याकडून मूठभर घेतले, ती केवळ औदार्याची रीत नव्हती. तिच्यावाचून कांद्याचा वाण टिकलाच नसता. त्यांना परागीभवनाचे शास्त्र ठाऊक नसेल, परंतु त्याचा निष्कर्ष त्यांच्या व्यवहारात उतरला होता.

बी घराबाहेर कसे गेले

घरचे बी कमी होत गेले ते काही कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे. त्यामागे ज्ञानाची प्रगतीही आहे आणि ती नाकारणे योग्य होणार नाही. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन करून थांबणे पसंत केले नाही. पाणी अडवावे, तलावांतील गाळ शेतकऱ्यांस नेऊ द्यावा, शेतकीचे शिक्षण द्यावे, पिकांची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, असे उपाय त्यांनी सुचविले. म्हणजे नव्या विद्येला त्यांचा विरोध नव्हता. ती विद्या शेतकऱ्याच्या हाती यावी, हा त्यांचा आग्रह होता.

ती विद्या पुढे आली. १९६० च्या सुमारास नाशिक जिल्ह्यात निफाड-पिंपळगाव बसवंत भागात कांद्याच्या सुधारित वाणांचे पद्धतशीर काम सुरू झाले व ‘एन-५३’ सारखे वाण प्रसिद्ध झाले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. विदर्भाच्या पांढऱ्या कांद्यासाठी ‘अकोला सफेद’ हा वाण या विद्यापीठाचा. राजगुरुनगर येथील केंद्रीय संशोधन संस्थेने पुढे ‘भीमा’ नावाचे अनेक वाण दिले. हे वाण घरच्या बियाण्याने चालू ठेवता येतात, हे त्यांचे मोठे वैशिष्ट्य आहे.

दुसरी वाट अमेरिकेत निघाली. १९२५ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे हेन्री जोन्स या शास्त्रज्ञास ‘इटालियन रेड’ जातीच्या कांद्यात असे एक झाड आढळले की, त्याच्या फुलांत उपयोगी परागच नव्हते. त्या एका झाडाच्या वंशावरून संकरित कांद्याचे तंत्र निघाले व १९४३ साली ते सविस्तर प्रसिद्ध झाले. संकरित कांदा एकसारखा व जोमदार निघतो, परंतु त्याचे बी धरून पेरल्यास पुढील पिढी मूळ वाणासारखी येत नाही. तेथे शेतकऱ्याचा बियाण्याशी असलेला संबंध दरवर्षी तुटतो व दरवर्षी दुकानात नव्याने जोडावा लागतो.

आज आपल्याच जिल्ह्यात रिसोड, मालेगाव या तालुक्यांत आणि शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात कांद्याच्या बियाण्याचे पीक मोठ्या प्रमाणात घेतले जाते. हिवाळ्यातील थंड रात्री व फाल्गुनातील कोरडी हवा त्याला मानवते. माघात पांढऱ्या गोंड्यांनी भरलेली शेते आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांतील पुष्कळसे बी कंपन्यांशी केलेल्या कराराने पिकते. शेतकऱ्यास त्यातून पैसा मिळतो, ही आनंदाची गोष्ट आहे. गारपीट आली तर तोच शेतकरी एका तासात नागवला जातो, हेही २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्याने अनुभवले आहे. परंतु विचार करावयाची गोष्ट निराळीच आहे. ज्या जिल्ह्याच्या शेतात कांद्याचे बी पोत्यांनी पिकते, त्या जिल्ह्यातील परसासाठी पाकिटातले बी विकत आणावे लागते. पाकिटातील बी नवे की जुने, लाल की पांढरे, हे काळ्या दाण्याकडे पाहून कोणालाही ओळखता येत नाही. सहा महिन्यांनी जमिनीतून काय निघते त्यावरूनच ते समजते.

बियाण्याचे मोल सरकारलाही समजले ते टंचाईत. २०२० साली पावसाने रोपे गेली, बियाण्याचे भाव भडकले आणि ऑक्टोबर महिन्यात केंद्र सरकारने कांदा बियाण्याच्या निर्यातीवर बंदी घातली. कायद्याने मात्र आपला मार्ग मोकळा आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाही हक्क मान्य केला आहे. फक्त ते कोणा कंपनीच्या नावाची मुद्रा लावून विकता येत नाही.

परसात पुन्हा बी कसे धरावे

आता प्रत्यक्ष कृती. पाच माणसांच्या घरास वर्षास ८० किलो कांदा लागतो असे धरले व एक कांदा सरासरी ८० ग्रॅमचा मानला, तर सुमारे १,००० कांदे हवेत. १५ सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर अंतराने लावल्यास १,००० रोपांस फक्त १५ चौरस मीटर जागा लागते. एका ग्रॅममध्ये अडीचशे ते तीनशे बिया असतात. मर धरूनही आठ-दहा ग्रॅम बी पुरे.

गादीवाफा एक मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच करावा. कुजलेले शेणखत मिसळावे. ओळींत पाच ते सात सेंटिमीटर अंतर ठेवून बी एक ते दीड सेंटिमीटर खोल टाकावे, वर बारीक माती व गवताचे आच्छादन घालावे आणि झारीने पाणी द्यावे. आठ-दहा दिवसांत उगवण झाली की आच्छादन काढावे. सात आठवड्यांची रोपे ओल्या वाफ्यात लावावीत. काढणीपूर्वी पंधरवडाभर पाणी तोडावे. निम्म्या माना पडल्या की कांदा काढावा, पातीसह तीनचार दिवस शेतात असा वाळवावा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर सावली करील. मग दोन सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी व दहा-बारा दिवस सावलीत सुकवावा.

बियाण्याच्या कांद्याची निवड हे खरे कौशल्याचे काम. कांदा मध्यम आकाराचा, ६० ते ८० ग्रॅम वजनाचा, बारीक मानेचा, एकाच डोळ्याचा व वाणाच्या रंगाचा असावा. जोडकांदा, जाड मानेचा कांदा बाजूस काढावा. विशेष सांगावयाचे ते हे की, पहिल्याच वर्षी ज्यास डेंगळा आला त्याचे बी कधीही धरू नये. ते बी विनासायास व लवकर मिळते म्हणून मोह होतो, परंतु त्यापासून पुढे डेंगळेच अधिक निघतात आणि कंद पोसत नाही. पावसाळ्यात टिकून राहिलेल्या कांद्यांतूनच पुन्हा निवड करावी. जो आश्विनापर्यंत सडला नाही व ज्यास अकाली कोंब फुटला नाही, त्याचा टिकण्याचा गुण पुढील पिढीत उतरण्याचा संभव अधिक.

दिवाळीनंतर निवडलेल्या कांद्यांचा वरचा तिसरा भाग कापून खालचा भाग लावावा. त्यामुळे कोंब लवकर व पुष्कळ येतात. कापलेला वरचा भाग स्वयंपाकात जातो, वाया काही जात नाही. डेंगळे वाऱ्याने मोडू नयेत म्हणून काठीचा आधार द्यावा. फुलोऱ्यात फवारणी वर्ज्य समजावी. गोंडे एकदम पिकत नाहीत, म्हणून काळे बी दिसू लागलेले गोंडे तीनचार वेळा सकाळच्या दवात कापावेत म्हणजे बी सांडत नाही. बी सावलीत खडखडीत वाळवून हवाबंद काचेच्या बरणीत, वाण व वर्ष लिहून, थंड जागी ठेवावे. पेरणीपूर्वी १०० बिया ओल्या फडक्यात दहा दिवस ठेवून मोजाव्यात. ७० हून अधिक मोड आले तर बी उत्तम. कमी आले तर त्या मानाने अधिक पेरावे.

समाजापुढील काम

आपल्या समाजाने सामुदायिक उद्योगाची परंपरा निर्माण केलेली आहे. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात एकत्र येऊन माळीनगरला साखर कारखाना उभारला. त्यामानाने बियाण्याचे काम अगदीच लहान आहे. त्यास भांडवल लागत नाही, लागते ती माणसांची एकी आणि दोन वर्षांची चिकाटी.

प्रत्येक गावातील आपल्या पाच-दहा कुटुंबांनी एकत्र बसून एक वाण ठरवावा. प्रत्येक घराने दहा-बारा निवडक कांदे लावावेत. पाहणीचे व निवडीचे काम घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांवर सोपवावे, कारण कांदा हातात घेऊन त्याची मान पाहण्याची नजर त्यांच्यापाशी अद्याप आहे. बी एकत्र करून वाटून घ्यावे. वार्षिक मेळाव्याच्या दिवशी मंडपात एका टेबलावर या बियाण्याच्या बरण्या, गावाचे नाव व वर्ष लिहून, मांडाव्यात आणि उत्तम बियाण्यास बक्षीस द्यावे. जोतीरावांनी १८८३ साली सुचविलेल्या प्रदर्शनाचा हा एक लहानसा पण खरा आरंभ होईल. ज्यांची मुले पुण्या-मुंबईस आहेत, त्यांनी गच्चीवरील चार कुंड्यांसाठी का होईना, चिमूटभर बी न्यावे.

यात घाई करण्याचे कारण आहे. आपल्या घरी कधीकाळी ज्वारीचे जुने कणीस वाशाला टांगलेले असेल तर ते कदाचित आजही उगवेल. कांद्याच्या बाबतीत तशी आशा नाही. ज्या वर्षी आजीने बी धरणे सोडले, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच तो वाण त्या घरातून गेला. जे अजून कोठेतरी एखाद्या परसात उरले आहे, ते यंदाच्या हिवाळ्यात शोधून मागून आणले पाहिजे. ज्यांच्या घरी असे जुने बी आजही धरले जात असेल, त्या भगिनींनी ते आपल्याजवळच न ठेवता मूठभर शेजारी द्यावे, एवढीच नम्र विनंती आहे. द्यावयास दोन मुठी पुरे होतात. आणि ज्या वर्षी आपल्या विहिरीचे पाणी आटेल, त्या वर्षी त्याच दोन मुठी आपल्याकडे परत येतील.